बुलढाण्याचा विद्यार्थी आणि विद्यापीठातील पहिले वर्ष

उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना कायदे, संस्थापक आणि इमारती यांचा विचार सविस्तर होतो. पहिल्या दिवशी वर्गातील शेवटच्या बाकावर येऊन बसणाऱ्या मुलाचा मात्र क्वचितच होतो. वस्तुतः विद्यापीठ समाजात कितपत रुजले, याची कसोटी त्या मुलाच्या पहिल्या वर्षातच लागते. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. परंतु महाविद्यालये दीर्घकाळ वऱ्हाडाबाहेरच राहिली. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले. त्यांच्या परीक्षा प्रथम कलकत्ता व पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांना रेल्वे होती. घाटावरच्या चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या भागाला ती नव्हती. तेथील विद्यार्थ्याला महाविद्यालय गाठण्यासाठी प्रथम घाट उतरावा लागे. एकाच जिल्ह्यातील दोन मुलांचे पहिले वर्ष असे दोन निरनिराळ्या ठिकाणांपासून सुरू होत असे.

परगावी पोहोचल्यावर त्याला आधार कोणाचा? महाविद्यालयाचे काम शिकविण्याचे व परीक्षेस बसविण्याचे. राहण्याजेवण्याची चिंता बहुतांशी ज्याची त्याने वाहावयाची. नातलगाचे घर किंवा वार लावून जेवणे हे जुने मार्ग होते. परंतु वार लावण्याची सोय जातीच्या उंबरठ्याशी थांबे. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला तो मार्ग व्यवहारात बंदच होता. म्हणून विदर्भातील वसतिगृहांचा इतिहास हा उच्च शिक्षणाच्या इतिहासाचे परिशिष्ट नसून त्याचे एक मुख्य प्रकरण आहे, असे म्हणावयास हरकत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस काढलेले श्रद्धानंद छात्रालय आणि नागपूरचे चोखामेळा वसतिगृह ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा ठिकाणी अन्न आणि निवारा मिळे, हे तर झालेच. त्याखेरीज अर्ज कसा करावा, कोणते पुस्तक आधी वाचावे, प्राध्यापकांशी कसे बोलावे, हे अलिखित ज्ञान थोरल्या विद्यार्थ्याकडून धाकट्याला मिळावयाचे तेही येथेच.

दुसरी अडचण भाषेची. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी ही मराठीची बोली म्हणून नोंदली आहे. या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ‘तो जाऊन राहिला’ याचा अर्थ ‘तो जात आहे’ असा असतो. ही नियमबद्ध रूपे आहेत. त्यांत अशुद्ध असे काही नाही. परंतु वर्गात ती हास्याचा विषय होतात, आणि एकदा हसे झालेला विद्यार्थी पुन्हा शंका विचारावयास उभा राहत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने मराठी व हिंदी माध्यमांच्या दिशेने पाऊल टाकले, तेव्हा इंग्रजीचा अडसर दूर होईल अशी अपेक्षा होती. त्याच काळात नागपुरात डॉ. रघुवीर यांचे पारिभाषिक कोशाचे मोठे कार्य चालू होते. या परिभाषेचे शास्त्रीय मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि शाळेत ‘प्राणवायू’ शिकलेल्या मुलापुढे ‘जारक’ हा शब्द आला आणि ग्रंथालयातील पुस्तकात ‘ऑक्सिजन’ राहिलाच, तर एका पदार्थासाठी त्याला तीन नावे सांभाळावी लागणार. माध्यम मराठी झाले, एवढ्याने ते विद्यार्थ्याच्या ओळखीचे होत नाही.

पुढे अंतरे घटली. खामगावास १९४७ मध्ये महाविद्यालय निघाले. १९८३ च्या १ मे रोजी अमरावती येथे स्वतंत्र विद्यापीठ झाले; आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. जिल्ह्यात ठिकठिकाणी महाविद्यालये झाल्यामुळे अनेक विद्यार्थी सकाळी एस.टी.ने येतात व तास संपताच परततात. ही सोय मोठी आहे. विशेषतः मुलींच्या शिक्षणास तिने फार हातभार लावला. परंतु तिची एक किंमतही आहे. दूरच्या गावी जाणाऱ्या मुलाला वसतिगृहातला थोरला सोबती मिळे. रोज ये-जा करणाऱ्याला तो मिळत नाही. रस्त्याचे अंतर मिटले, भाषेचे व रीतीचे मात्र बऱ्याच अंशी राहिले, आणि ते ओलांडून देणारा मधला माणूस नाहीसा झाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांसाठी प्रवेशोत्तर परिचयाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पूर्वी जे काम वसतिगृहांनी आपल्या परीने केले, त्याची जबाबदारी संस्थेकडे येत आहे, हा या घटनेचा इतिहासातील अर्थ होय. मात्र स्वागतसमारंभाने ती पार पडणार नाही. ज्येष्ठ विद्यार्थ्याकडे चार नवागत सोपविणे, पारिभाषिक शब्दांची तिन्ही रूपे पहिल्या महिन्यातच समजावून देणे, आणि वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नाला गंभीरपणे उत्तर देणे, ही कामे विभागाच्या हातातील आहेत. त्यांस वेगळ्या निधीची गरज नाही. जो शिक्षक ‘डोया’ ऐकून हसत नाही, त्याच्या वर्गातील शेवटच्या बाकावरूनही प्रश्न येऊ लागतात.