एक कोटी चिठ्ठ्या आणि माझं एक्स्पोर्ट बटण

परवा शनिवारी नोट्स ठेवायला नवीन सॉफ्टवेअर शोधत बसलो होतो. पानशेतच्या पुराच्या (१२ जुलै १९६१) आजोबांच्या आठवणी आणि घरातले जुने फोटो स्कॅन करून मी दोन वर्षं एका अ‍ॅपमध्ये भरत होतो. ते अ‍ॅपच बंद पडलं. एक्स्पोर्ट मिळालं म्हणा, पण मजकूर एकीकडे, फोटो दुसरीकडे, आणि कुठला फोटो कुठल्या नोंदीचा याचा पत्ताच नाही. आजोबा आता नाहीत. विचारणार कुणाला?

मग आठवलं डेक्कन कॉलेज. १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी तिथे संस्कृतचा महाकोश हाती घेतला. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. हाताने! पहिला खंड निघायला १९७६ उजाडलं आणि काम अजून चालूच आहे. माणसं बदलली, पिढ्या बदलल्या, चिठ्ठ्या मात्र चालतात. कारण साधं आहे. शब्द कुठल्या ग्रंथात, कुठे आला हे त्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं. खण उपडा झाला तरी चिठ्ठी मुकी होत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान याचंही तेच. त्याच्या सुमारे ९० हजार चिठ्ठ्या. प्रत्येकीला नंबर, आणि एकीवरून दुसरीकडे जायचं तर तिचा नंबर तिथेच खरडलेला. तो १९९८ साली गेला, तरी चिठ्ठ्यांतून आजही वाट काढता येते.

आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले? लोटस अजेंडा १९८८ साली आलं, भन्नाट होतं म्हणतात, पण पाच-सहा वर्षांत संपलं. गूगल नोटबुक २००६ साली आलं, २००९ साली त्यावरचं काम थांबलं, २०१२ साली बंद. (तिथल्या नोंदी निदान गूगल डॉक्समध्ये तरी गेल्या.) माझी चूक कुठे झाली ते आत्ता कळतंय. फोटो आणि नोंद यांचं नातं मी कुठेच लिहिलं नव्हतं. ते फक्त त्या अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये होतं. डेटाबेस डिझाइन करून पोट भरणाऱ्या माणसाने हे करावं म्हणजे कमाल आहे :)

असो. शोधनिबंध आणि पुस्तकांच्या संदर्भांसाठी झोटेरो घेतलंय, आणि नोंदींसाठी ऑब्सिडियन. त्याच्या फाइली माझ्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या असतात, उद्या नोटपॅडमध्येही उघडतील. पण त्याच्यावरही विसंबायचं नाही असं ठरवलंय. प्रत्येक फोटोच्या नावातच तारीख, जागा आणि नोंदीचा नंबर घालतोय. २१२ पैकी ६० झाले.

एका फोटोत वाड्याच्या भिंतीवर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्याची रेघ दिसते. आत्याला पाठवला. ती म्हणते नारायण पेठ, बाबा म्हणतात शनिवार. सध्या फाइलच्या नावात दोन्ही लिहून ठेवलंय.