चारा, चढ आणि वारा

मोटारीच्या मागे चाकांचे घर जोडून मुलाबाळांसह प्रवासास निघण्याची हौस आपल्याकडे नवी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा विषय बोलण्यात येऊ लागला. अशा हौशी गृहस्थास पहिला धक्का बसतो तो तेलाच्या पंपावर. एरवी जेवढ्या डिझेलात मोटार नागपुरास पोचते, तेवढ्यात मागचे घर घेऊन ती निम्म्या-पाऊण वाटेवर थांबू पाहते. जळणाचा खर्च दीडपट होतो, प्रसंगी दुपटीला जातो. हे जास्तीचे जळण नेमके जाते कोठे, हा त्याचा प्रश्न आहे. नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या वाटेवर हा प्रश्न मोटारींच्या कितीतरी आधीपासून विचारला गेला असला पाहिजे. फक्त तेव्हाचे जळण गवत होते.

या वाटेचा मधला तुकडा आदिलाबाद जिल्ह्यातून जातो. पांढरकवडा सोडून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद लागते. तेथून गुडीहतनूर, इचोडा, नेरडीगोंडा अशी गावे घेत रस्ता सह्याद्रीच्या पूर्वेकडील फाट्यांवर चढतो, निर्मलजवळचा महबूब घाट उतरतो आणि सोन येथे गोदावरी पार करून दक्षिणेस निघून जातो. निजामाच्या राज्यात १९०५ साली हा जिल्हा आकारास आला. १९५६ साली तो आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला, आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. उत्तरेकडील गावांतून मराठी आजही घरोघर बोलली जाते. राजगोंडांच्या वंशावळी गाणारे परधान तर मराठीच आपली भाषा मानीत आले. सागवानाची दाट जंगले, कापसाची काळी जमीन, मध्ये डोंगर आणि दोन्ही टोकांना मोठ्या नद्या अशी या मुलुखाची घडण आहे. माल वाहून नेणाऱ्याची परीक्षा पाहण्यास एवढे पुरेसे आहे.

या मुलुखातून पूर्वी माल जाई तो बहुधा चाकांवर नव्हेच. तो बैलाच्या पाठीवर जाई, आणि तो नेणारे लमाण अथवा बंजारा लोक. किनाऱ्याकडचे मीठ आत आणावयाचे आणि आतले धान्य बाहेर न्यावयाचे हा त्यांचा पिढीजाद व्यवसाय. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. हे लोक घरात राहतच नाहीत, बायकामुलांसह तंबूंतून फिरतात, असेही तो सांगतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा तांडा आढळला, आणि तो दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे, अशी त्याची नोंद आहे.

सहा-सात मैल! धडधाकट माणूस हे अंतर सकाळच्या न्याहारीपूर्वी काटतो. पुष्कळ लेखकांनी या मंदगतीवरून तांड्यांना आळशी ठरविले आहे. पण जरा हिशेब मांडून पाहू. एका बैलाच्या पाठीवरील गोणींत सव्वाशे किलोंच्या आसपास धान्य मावते. चौदा हजार बैल म्हणजे सुमारे सतराशे टन माल. आजच्या पंचवीस टनी मालमोटारी सत्तरेक लागतील. बैलाला दिवसाकाठी आठ किलो तरी कोरडा चारा हवा. म्हणजे या तांड्याला रोज शंभर टनांहून अधिक चारा लागला. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर. त्या चालीने महिनाभराची वाट. महिनाभरात चारा झाला तीन हजार टनांवर, म्हणजे वाहून न्यावयाच्या मालाच्या जवळजवळ दुप्पट! हे जळण विकत घ्यावे तर व्यापार बुडाला. बरोबर न्यावे तर माल न्यायला बैलच उरला नाही.

तेव्हा तांड्याने काढलेली युक्ती अशी, की जळण वाटेवरच गोळा करावयाचे आणि त्याचे मोल द्यावयाचे नाही. चार तास चालावे, उरलेला दिवस बैल रानात सोडावेत. सहा मैलांची चाल हा आळस नव्हता. ती तेलाची बचत होती. वाहतुकीच्या इतिहासात इतके स्वस्त जळण पुन्हा कोणास मिळाले नाही. वऱ्हाडचा कापूस अमरावतीहून गंगाकाठच्या मिर्झापुरास, पाचशे मैलांवर, बैलांच्या पाठीवरून जात असे तो याच बळावर. विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ साली वऱ्हाडातून मुंबईस कापूस धाडला, तोही बैलांवर लादूनच. १८०३ साली असई आणि अडगाव येथे मराठ्यांशी लढताना ऑर्थर वेलस्लीच्या पत्रांतून तोफांइतकीच बंजाऱ्यांच्या बैलांची काळजी दिसते, ती काही उगीच नव्हे.

मग चाकाची गाडी का नव्हती? होती, गावापासून शेतापर्यंत होती. पाठीवर दोन बैल मिळून अडीचशे किलो नेतात; तीच जोडी खडी घातलेल्या रस्त्यावर गाडीतून नऊशे किलो, हजार किलो ओढते. चौपट फायदा. पण हा फायदा रस्त्याच्या हाती. काळ्या जमिनीत पाऊस पडला की आखापर्यंत चाक रुतते आणि निम्मा भारही हलत नाही. शिवाय जुवाखालचा बैल चालता चालता चरू शकत नाही. त्याला मुक्कामावर कडबा हवा, चढाच्या आदल्या रात्री सरकी-ढेप हवी. आदिलाबाद ते नागपूर दोनशे किलोमीटर, दिवसाला वीस किलोमीटर धरले तर दहा दिवस. जोडीला दोनशे किलोंच्या जवळपास कडबा. गाडीतील पाचवा हिस्सा बैलांच्याच पोटात गेला म्हणावयाचे. म्हणून कडबा विकणारे मुक्कामाचे गाव, विहीर आणि सावली यांची साखळी असल्याखेरीज गाडीवाट चालत नसे. गाडीने मालकाला वेग दिला, पण जळणाचे बिलही प्रथमच त्याच्या हाती ठेवले.

या बिलातील सर्वांत मोठा आकडा घाटाचा. रिकाम्या बंडीचे वजन तीनशे किलो धरू, वर नऊशे किलो माल. सपाट, चांगल्या रस्त्यावर तिला चालती ठेवावयास एकूण वजनाच्या तिसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे चाळीस किलोंची ओढ पुरे. चढ विसास एक असा लागला की आणखी विसावा हिस्सा, म्हणजे साठ किलो वाढले. झाली शंभर. चारशे किलोंचा बैल आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ओढ टिकवून देऊ शकतो. जोडीची मजल सुमारे ऐंशी. उरलेले वीस किलो आणावयाचे कोठून? पुढे दुसरी जोडी जुंपावी, अथवा निम्मा माल पायथ्याशी उतरवून दोन खेपा कराव्यात. उतरणीवर तर कमाई नाहीच; तेथे चाकाला अडणी लावून गाडी आवरावी लागते. महबूब घाटासारखा वळणे घेत चढणारा रस्ता पाहून हल्लीच्या मोटारवाल्याला अभियंत्याचा राग येतो. पण वळण म्हणजे लांबी देऊन विकत घेतलेला सौम्य चढ, आणि सौम्य चढ म्हणजे वाचलेली दुसरी जोडी. तो रस्ता बैलाच्या मानेकडे पाहून आखण्याच्या काळातला आहे.

तांड्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण दुःखाची गोष्ट थोडक्यातच बरी. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा होऊन जिल्ह्याचा पूर्वभाग तिच्या तडाख्यात आला. मीठ डब्यांतून येऊ लागले. पण लमाणांचा व्यवसाय एकट्या आगगाडीने बुडविला असे म्हणणे अपुरे होईल. ज्या रानातील फुकटच्या गवतावर तो उभा होता, ते रानच बंद होत गेले. जंगले राखीव झाली, चराईवर कर बसला. त्याच दगडाखाली आदिलाबादच्या गोंडांचाही हात सापडला. गुरे चारण्याचा, लाकूड घेण्याचा, पोडू करण्याचा हक्क मागत कोमरम भीम उठला आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीने पडला. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांची विचारपूस करावीशी वाटली, आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडोर्फ या मानववंशशास्त्रज्ञास तेथे धाडण्यात आले. त्याचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली निघाला. इंधनाच्या इतिहासात भीमाचे नाव कोणी घालत नाही. माझ्या मते ते घालावयास हवे. चराईच्या रानाला तेलाची खाण म्हटले असते तर तो लढा कशाचा होता हे शहरातील वाचकांस चटकन कळले असते.

निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, आणि बैलाचा हिशेब मागे पडला. तो एकदाच, काही काळ, परत आला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा देशभर बसगाड्यांना लोखंडी भट्ट्या जोडून कोळशाच्या वायूवर त्या चालविल्या गेल्या. इंग्लंडात काही ठिकाणी ही भट्टी निराळ्या दोनचाकी गाड्यावर बसवून बसच्या मागे ओढीत नेत. गंमत पाहा, ओढण्यासाठी लागणारे जळणच ओढावे लागले! या वायूवर इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक घटे. सपाटीवर ते खपून जाई. चढावर उतारूंना खाली उतरून चालावे लागे. जो न्याय बंडीला, तोच बसला.

आता चाकांच्या घराकडे वळू. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त वैद्याने इंग्लंडात ब्रिस्टल येथे हौसेखातर पहिले मोठे फिरते घर बांधून घेतले. दोन टनांचे ते घर दोन घोडे ओढीत. त्यांनाही चढच भारी होता. त्या घराची नात म्हणजे आजचे मोटारीमागचे घर. तेव्हा आपला गृहस्थ चढालाच भितो, यात नवल नाही. निर्मलचा घाट आला की तो काट्याकडे पाहत राहतो. पण येथे हिशेब पालटला आहे. दोन टनांचे घर दीडशे मीटर उंच चढवावयास मोटारीच्या इंजिनाला पाव लिटरच्या आसपास डिझेल जास्त लागते. त्याहून फार नाही. बैलांची दुसरी जोडी जेथे लागे, तेथे मोटारीचे काम एका पेल्याभर तेलात भागते. डांबरी सडक आणि रबरी चाके असल्यामुळे नुसत्या वजनाची ओढही फारशी नाही.

खरा खाऊ वेगळाच आहे, आणि तो दिसत नाही. घर उंच, चौकोनी, मोटारीच्या टपावरून वर डोकावणारे. ते वाऱ्याला छाती लावून धावते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० किलोमीटरवर तो शंभर धरला, तर ताशी १०० वर तो १५६ होतो. म्हणजे वेग चौथ्या हिश्श्याने वाढविला की हवेपोटीचे जळण दीडपटीहून अधिक. हा खर्च घाटापुरता नसून नागपूर ते हैदराबाद पाचशे किलोमीटर, प्रत्येक किलोमीटरला द्यावा लागतो. बंडीला वाऱ्याची भीती कधीच नव्हती. ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीला वारा लागतो तो घाम पुसण्यापुरता. आदिलाबादच्या बाजारात हंगामात कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या येतात. आकाराने त्या कोणत्याही फिरत्या घरापेक्षा बोजड, तरी त्यांच्या मंद चालीमुळे वारा त्यांचे फारसे नुकसान करीत नाही. तोच कापूस मालमोटारीतून भरधाव न्यावयाचा झाला की मग दाबून १७० किलोंची गासडी बांधतात.

म्हणून त्या हौशी गृहस्थाने विचारलेच तर उत्तर सरळ आहे. चाकांत हवा पुरती ठेवा, जड सामान आखाजवळ लावा, टपावर काही बांधू नका. पण हे सारे एका पारड्यात आणि शंभराचे ऐंशी करणे दुसऱ्या पारड्यात घातले, तर दुसरे जड ठरेल. पाचशे किलोमीटरांना पाच तासांऐवजी सव्वासहा तास लागतील. चौदा हजार बैलांच्या नायकाने हाच सौदा केला होता. फरक इतकाच, की त्याचा वेळ रानात चरत होता आणि आपला पंपावर वाचतो.

पौष अमावास्येला आदिलाबादजवळ केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळीचे गोंड बायकामुलांसह छकड्यांतून तेथे येतात, वडांच्या झाडांखाली बैल सोडतात आणि काही दिवस तेथेच बिऱ्हाड करतात. आता ट्रॅक्टर येतात, मोटारीही येतात. पूजेला मात्र गोदावरीचे पाणी लागते, ते दूर हस्तिनामडुगू येथून आणावयाचे असते; आणि त्यासाठी मेस्राम मंडळी बैल जुंपीत नाहीत की इंजिन सुरू करीत नाहीत, अनवाणी पायीच जातात.