चष्म्याचे घर

तलवारीला म्यान असते, बाणांना भाता असतो, दागिन्यांना डबी असते. नाकावर बसणाऱ्या दोन काचांना मात्र मराठी भाषेने घर दिले आहे. हा शब्द मोठा मार्मिक आहे. कारण तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा निघाला, तेव्हापासून सुमारे साडेचार शतके त्याचा बहुतेक काळ खरोखर घरातच जात असे. कानांवर अडकविण्याच्या काड्या त्याला नव्हत्या. खिळ्याने जोडलेली दोन भिंगे डोळ्यांपुढे धरावी आणि वाचन संपताच मिटून आत घालावी, अशी रीत होती. लंडनचा चष्मेवाला एडवर्ड स्कार्लेट याने १७३०च्या सुमारास काड्यांचे चष्मे विकावयास आरंभ केल्यावर चष्मा दिवसभर चेहऱ्यावर राहू लागला. चीनमध्ये तर भरतकामाने सजविलेली घरे कमरपट्ट्याला लटकत असत, आणि त्यांत मिरविण्याचा भागही थोडा नसे.

तथापि घराची खरी कसोटी प्रवासात लागते. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि ऑगस्टमध्ये जपानात कागोशिमाला पोचले. पुढे १५५०–५१च्या हिवाळ्यात त्यांनी क्योतोची वाट धरली व तीतली बरीचशी बर्फातून पायी तुडवली. मौल्यवान नजराणे त्यांनी या वाटचालीत बरोबर घेतले नव्हते. ते हिराडो बंदरात सुरक्षित ठेवले होते. क्योतोची खेप निष्फळ झाल्यावर ते नजराणे त्यांनी आणविले आणि १५५१मध्ये यामागुची येथील सरदार ओउची योशिताका यास दिले. त्यांत एक घड्याळ होते आणि चष्मेही होते. पायी चालणाराने काच मागे ठेवावी, हा एक उपाय झाला. पण ज्याला काचेवाचून पुढचे पाऊल दिसत नाही, त्याने काय करावे?

अमेरिकेचे थिओडोर रूझवेल्ट या दुसऱ्या वर्गातले. दृष्टी अतिशय अधू आणि हौस मात्र रानावनात हिंडण्याची. १८९८च्या क्यूबातील लढाईवर जाताना त्यांनी अनेक जादा चष्मे जवळ बाळगले. हलक्या सामानाने जाणाऱ्यास हा विचार पटण्याजोगा आहे, कारण दुसऱ्या चष्म्याचे वजन ते काय! शहरात ते पोलादी घर वापरीत. १४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी येथे निवडणुकीच्या दौऱ्यात त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशातले ते घर आणि पन्नास पानी भाषणाची घडी भेदून ती छातीत शिरली खरी, पण तिचा जोर ओसरला होता. रूझवेल्ट तसेच व्यासपीठावर गेले आणि सुमारे दीड तास बोलले. भोक पडलेले ते घर न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या जन्मस्थानी जपून ठेवले आहे.

परंतु पोलादालाही न अडविता येणारा एक शत्रू आहे, आणि त्याची हकीकत अधिक करुण आहे. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवावरील मोहिमेत ॲप्स्ली चेरी-गॅरर्ड नावाचा तरुण होता. चष्म्याशिवाय त्याला दूरचे काही नीट दिसत नसे. १९११च्या भर हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात, पेंग्विनची अंडी आणण्यासाठी तो दोघा सोबत्यांसह केप क्रोझियरला गेला. उष्णमान उणे ६० अंश सेल्सियसच्याही खाली उतरले. श्वासाची वाफ काचेवर गोठे, म्हणून चष्मा लावताच येईना. बर्फातल्या भेगा त्याला दिसत नसत. घरात चष्मा शाबूत होता आणि धनी आंधळा होता.

पुढे १९१२च्या मार्चमध्ये हाच चेरी-गॅरर्ड एका सोबत्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ‘वन टन’ या साठ्याच्या ठिकाणी ध्रुवावरून परतणाऱ्या मंडळींची वाट पाहत थांबला. दिशा काढण्याची विद्या त्याला येत नव्हती, हवा वाईट होती, कुत्र्यांचे अन्न सरत होते, आणि थंडीत चष्मा निकामी. दहा तारखेस तो मागे फिरला. स्कॉट यांचे अखेरचे ठाणे त्या साठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवरच पडले. त्यांच्या रोजनिशीतील शेवटची नोंद २९ मार्चची आहे. दोष चेरी-गॅरर्डचा नव्हता असे माझे मत आहे. पण १९५९मध्ये मृत्यू येईपर्यंत हे शल्य त्याच्या मनातून गेले नाही.

आता काचेचीच जात बदलली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची भिंगे आली. ती सहसा फुटत नाहीत, पण त्यांवर ओरखडे चटकन उठतात. आणि हॅवरसॅकमध्ये सामानाच्या दाबाने मोडते ती चौकट. म्हणून नुसती कापडी पिशवी अपुरी: ती ओरखडा टाळते, दाब नव्हे. मऊ कापड आत आणि पातळ, ताठ कवच बाहेर, एवढे पुरते, पोलाद नको. त्याहूनही हलका उपाय म्हणजे बरोबर असलेल्या रिकाम्या पातेल्यातच कापडात गुंडाळलेला चष्मा ठेवणे, कारण त्या पातेल्याचे ओझे आपण तसेही वाहतच असतो. रात्री तंबूत तो बुटात ठेवणारेही पुष्कळ भटके आहेत. युक्ती चांगली आहे. मात्र पहाटे अंधारात बूट चढविण्याआधी आत हात घालून पाहावा.