नळीतले एरंडेल, इंजिनातले ऑइल

बैलगाडीच्या आसाखाली लोंबणारी वंगणाची नळी आमच्या पिढीतल्या फार थोड्या जणांनी पाहिली असेल. बांबूचे एक पेर, त्यात काळे दाट वंगण, आणि ते लावायला चिंधी गुंडाळलेली एक काडी. एरंडेलात जळक्या पेंढ्याची काजळी घोटून हे वंगण घरीच केले जाई. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरून आसाला काडी फिरवी आणि पुढे निघे. बैलांना जेवढे पाणी, तेवढेच आसाला वंगण, हा हिशेब त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेला नव्हता.

मोटारसायकलच्या इंजिनातले ऑइल पाहणे आणि कमी असेल तर घालणे हे त्याच गाडीवानाचे काम. काडीसुद्धा तीच राहिली, फक्त चिंधीची जागा पोलादी पट्टीने घेतली आणि तिला आपण डिपस्टिक म्हणू लागलो. परंतु मधल्या काळात एक गोष्ट घडली. चाक कुरकुरते ते ऐकू येते. इंजिन मात्र बोलू लागते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ही सवय कशी आली आणि कशी सुटली, ते पाहायला बेळगाव-निपाणीचा रस्ता फार चांगला आहे. गोव्यातून चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीचा घाट चढून त्या बाजूला जाणारे आपण लोक या इतिहासात अधूनमधून येतोच.

कानडीत तेलाला एण्णे म्हणतात आणि गाडीच्या वंगणाला कीलेण्णे. सीमाभागातल्या गाडीवानाला दोन्ही शब्द येत असत. (आम्हा कचेरीतल्या लोकांत ‘वंगण’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, पण तो विषय वेगळा आणि मोठा आहे.) एरंडेलाचा प्रवास मात्र बैलगाडीपाशी थांबला नाही. इंग्लंडात चार्ल्स वेकफिल्ड याने १८९९ मध्ये वंगणाची कंपनी काढली. मोटारी आणि विमाने यांच्या नव्या इंजिनांना तापल्यावरही न तुटणारे तेल हवे होते. त्याने खनिज तेलात एरंडेल मिसळले आणि १९०९ मध्ये त्या तेलाला एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून कॅस्ट्रॉल हे नाव दिले. पहिल्या महायुद्धातली विमानेही एरंडेलावर उडाली. आज गॅरेजच्या पाटीवर हे नाव वाचताना गाडीवानाची नळी कोणाला आठवत नाही, पण नाते जवळचे आहे.

बेळगावात यंत्राला तेल घालण्याची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये येथे सायकलींचे दुकान सुरू केले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवणाऱ्या या माणसाने पुढे बेळगावातच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. सायकल विकायची म्हणजे ती चालवायला शिकवायची, आणि कुठे तेलाचे दोन थेंब सोडायचे तेही सांगायचे. १९१० मध्ये त्यांना बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळ माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता राहिला. कारखाना गेला तरी हात गेले नाहीत, असे मला वाटते. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि क्रँकशाफ्ट घडवणारे कारखाने पाहिले म्हणजे हे पटते. उत्तरेला कोल्हापूरचे उद्यमनगर, दक्षिणेला बेळगावचे उद्यमबाग आणि मधोमध तंबाखूचे निपाणी. या पट्ट्यातल्या माणसाला इंजिनाची भीती वाटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. मी येथे फक्त एक गंमत नोंदवतो. राज्याच्या राजधानीविषयी येथल्या मराठी माणसाचे काय मत होते ते सर्वांना ठाऊक आहे, पण म्हैसूर शहरातून आलेली एक वस्तू त्याने मनापासून आपली मानली. ती म्हणजे जावा मोटारसायकल. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून ती निघू लागली. किक मारायचा दांडाच पुढे वाकवला की गिअरचा दांडा होत असे. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि त्याच वर्षी जावाचे नाव येझदी झाले! नावे बदलली, तंटा आणि गाडी दोन्ही चालू राहिले.

जावा, येझदी आणि पोलंडच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्सने केलेली राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. दुधाच्या किटल्या लावलेली राजदूत ज्याने पाहिली नाही त्याने निपाणी-कागल भाग पाहिला नाही, असे म्हणायला हरकत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच वर जातात, म्हणून पेट्रोलातच ऑइल मिसळावे लागते. ते पिस्टनला, बेअरिंगला चाटत जाते आणि शेवटी जळून धुरावाटे बाहेर पडते. गाडीच्या बनावटीप्रमाणे लिटरमागे तीस ते पन्नास मिलिलिटर, असा साधारण हिशेब असे. पंपावर पेट्रोलच्या आधी प्रश्न येई, “ऑइल किती घालू ओ?” पंपावरचा मुलगा हातपंपाने मापात तेल काढी, टाकीत ओती, आणि गाडीवाला दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी हलवून ते मिसळून घेई. कमी पडले तर पिस्टन जाम. जास्त झाले तर प्लग काळा आणि मागच्या माणसाच्या तोंडावर निळा धूर.

या पद्धतीत एक मोठा गुण होता. पेट्रोल भरताना ऑइलचा विचार केल्यावाचून सुटका नव्हती. ज्याला गाडीतले काही कळत नाही त्यालाही दर खेपेला तो विचार करावा लागे. गिअरबॉक्सचे तेल वेगळे असे आणि तेच तेवढे विसरले जाई.

बुलेटवाल्यांची जात निराळी. मद्रासला १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. तिची बुलेट फोर-स्ट्रोक, म्हणजे तेल इंजिनातच राहते, फिरते आणि परत येते. जुन्या बुलेटमध्ये दोन लिटरच्या आसपास तेल क्रँककेसला जोडूनच केलेल्या कप्प्यात असे. गिअरबॉक्सचे आणि क्लचच्या बाजूचे तेल वेगवेगळे. या बुलेटची काडी खोटे बोलते, हे मुरलेल्या मालकाला ठाऊक असे. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की तेल पंपातून झिरपत क्रँकच्या खाली उतरते. मग काडी कोरडी निघते. नवखा माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू झाली की खाली उतरलेले तेल पंप परत वर आणतो, कप्पा तुडुंब होतो आणि जास्तीचे तेल श्वासनळीतून रस्त्यावर. म्हणून बुलेट आधी थोडी चालवायची, मगच काडी पाहायची. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे किंवा मिस्त्रीकडून पोऱ्याकडे जात असे.

१९८५ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचे. त्या वर्षी दोन गाड्या आल्या. यामाहाची आरएक्स १०० टू-स्ट्रोकच होती, पण तिला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप होता. मिसळण्याचे काम यंत्र करू लागले, तरी टाकी रिकामी झाली तर इंजिन जाणार ही धास्ती शिल्लक होती. दुसरी हिरो होंडा सीडी १००, फोर-स्ट्रोक. तिच्या जाहिरातीने देशाला शिकवले की भरा, बंद करा आणि विसरून जा. जाहिरात पेट्रोलविषयी होती. लिटरला ऐंशी किलोमीटर ऐकून दूधवाला, शिक्षक, तंबाखूचा दलाल आणि आपल्याकडचा पायलट, सगळे हरखले यात नवल नाही. परंतु विसरून जा हा उपदेश लोकांनी ऑइललाही लावला. पंपावरचा तो प्रश्न बंद झाला. ज्या गाडीत ऑइल खरोखर आपण होऊन पाहावे लागते, नेमकी तीच गाडी काही न पाहता चालते असा समज झाला.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला, आरएक्स १०० ही त्याच वर्षी थांबली. धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक हळूहळू रस्त्यावरून उतरली. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. धुराच्या आठवणीने गहिवरणारे लोक मला समजत नाहीत.

शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेल असते किती? लिटरपेक्षाही कमी, नऊशे मिलिलिटरच्या आसपास. तेवढ्याच तेलाने पिस्टन, वरचा कॅम, गिअर आणि क्लच हे सगळे सांभाळायचे. या गाड्या हवेवर थंड होतात, त्यामुळे आतली उष्णता बाहेर नेण्याचे बरेचसे कामही त्याच तेलाचे. त्यातले दोनशे मिलिलिटर जळून गेले तर पाचवा हिस्सा गेला. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. दोन माणसे आणि एक पोते घेऊन तवंदीचा घाट चढताना, किंवा चोर्ल्याच्या वळणांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना कळते. आधी वरून टकटक असा कोरडा आवाज, मग गाडी ओढेनाशी होते, मग थांबते. पुढचा खर्च बोअर करण्याचा.

आणि पाहायला लागतात किती तर पाच मिनिटे. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून आणखी दोन-तीन मिनिटे थांबावे म्हणजे वरचे तेल खाली उतरते. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी हवी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची काडी कधीच खरे सांगत नाही. झाकण काढून काडी स्वच्छ फडक्याने पुसावी आणि परत घालावी. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत या वेळी आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवायची असते. काही गाड्यांत फिरवायची असते, ते पुस्तिकेत पाहावे. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेशी आली असेल तर त्याच दर्जाचे तेल थोडे थोडे, शंभर मिलिलिटरच्या बेताने घालून पुन्हा पाहावे. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिले असेल तर मिस्त्रीकडे उघडा पडलेला २०डब्ल्यू-४० चा डबा उपयोगाचा नाही. मोटारीचे तेल तर नकोच, त्यातल्या काही घटकांनी मोटारसायकलचा क्लच घसरू लागतो. वरच्या खुणेच्या पुढे भरणेही वाईट. तेलाला फेस येतो, ते एअर फिल्टरमध्ये शिरते, सील गळू लागतात. आपल्याकडे ‘थोडे जास्तच असू दे’ ही वृत्ती फार. जेवणावळीत ती चालते.

काडीवरच्या तेलाचा रंग काय सांगतो ते निपाणीच्या लोकांनी अलीकडे दोनदा पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले. अशा पुरात बुडालेल्या गाडीची काडी बाहेर काढली की तेल काळे दिसत नाही, दुधाळ दिसते, चहात जास्त दूध पडल्यासारखे. आत पाणी गेल्याची ती खूण. अशी गाडी किक मारून पाहायची नसते. आधी सगळे तेल सोडायचे, नवे भरायचे, थोडे चालवून तेही सोडायचे आणि पुन्हा नवे भरायचे. घाईने स्टार्टर दाबला तर पुराने वाचवलेले इंजिन मालकाच्या हातून जाते. गोव्यातही डिचोली-साखळीच्या बाजूला पाणी चढते, तेव्हा हे आपणही ध्यानात ठेवलेले बरे.

सोडलेले काळे तेल सीमाभागात सहसा वाया जात नसे. सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागलेल्या खांबांना, गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्यांना ते लावीत. लाकडी चाकांच्या गाड्या होत्या तोवर काही जण गाडीच्या आसालाही लावीत, म्हणजे एरंडेलाच्या जागी इंजिनातले तेल त्याच नळीत जाऊन बसले. आता गाड्यांना रबरी टायर आणि बेअरिंग आले, नळी गेली. उरलेले काळे तेल ओहोळात ओतणारी माणसे दोन्ही राज्यांत आहेत आणि आपल्याकडेही आहेत. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, हे त्यांना सांगितले तर ते हसतात.

जावा हे नाव २०१८ मध्ये परत आले, येझदी २०२२ मध्ये. दोन्ही आता फोर-स्ट्रोक आहेत, पाण्याने थंड होणाऱ्या. बेळगावात जुनी येझदी जपणारे हौशी आहेत, त्यांना पंपावरचा तो हातपंप आता सापडत नाही. ते टू-टी ऑइलची बाटली डिकीत ठेवतात आणि पेट्रोल भरण्याआधी बाटलीच्या झाकणाने मोजून स्वतःच टाकीत ओततात. पंपावरचा मुलगा ते नवलाने पाहतो आणि विचारतो, “हे काय ओ घालताय?”