पायाळू: गुप्तधनाचा ‘डिटेक्टर’



डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गेम 1974 साली अमेरिकेत आला. त्यात अगदी पहिल्या पातळीचा एक मंत्र आहे, ‘डिटेक्ट मॅजिक’. कुठल्या तलवारीत, कुठल्या अंगठीत जादू आहे ते त्याने कळतं. पुढे तर वस्तूंमधली जादू शोषून घेणारे प्राणीही या गेममध्ये आले.

आपल्याकडे हे काम माणसावर सोपवलं होतं. त्याला म्हणायचं पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, डोळ्यांत अंजन घातलं की गुप्तधन दिसतं, आणि त्या धनावर नाग नाहीतर भूत राखण करतं, अशी समजूत.

पेण-रोह्याचा आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. कोकणातल्या अशा समजुती ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लिहून मागवल्या. 1909 मध्ये नाशिकला त्याची हत्या झाली. पुढे एन्थोवेनने ती टिपणं 1915 च्या सुमारास छापली.

बरं, धन खरंच सापडायचं का? हो! बँका नव्हत्या, लुटालूट होती, म्हणून लोक नाणी मडक्यात घालून पुरायचे. पुरणारा मेला की ठिकाणही विसरलं जायचं. म्हणून तर इंग्रजांनी 1878 मध्ये गुप्तधनाचा कायदाच केला: 10 रुपयांच्या वरचं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं.

गोष्ट इथवर गंमतीची. पण गेममधला डिटेक्टर कागदावर असतो, पायाळू मात्र हाडामांसाचा असतो. धनाच्या लोभाने त्याला अघोरी पूजेला बसवणारे भोंदू निघाले, नरबळीचेही प्रकार घडले.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. गुप्तधन किंवा पाणी शोधण्यासाठी अघोरी कृत्य केलं, तर 6 महिने ते 7 वर्षं कैद.

आणि पायाळूपणाचं म्हणाल, तर पूर्ण दिवसांच्या 100 बाळांमागे 3-4 बाळं पोटात उलट्या स्थितीतली निघतात, पाय किंवा ढुंगण खाली. डॉक्टर त्याची काळजी घेतात. त्या बाळाला पुढे कुणी ‘तुला धन दिसतं का रे?’ म्हणून विचारायला आलं, तर थेट पोलिसांना फोन लावा.

भेटू पुढच्या भागात!