जकार्ताच्या सुवर्णामागची दहा वर्षं

४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ताच्या सेनायान स्टेडियमवर आशियाई क्रीडास्पर्धेतल्या फुटबॉलचा अंतिम सामना झाला. लाखभर प्रेक्षक होते आणि त्यातले बहुतेक भारताच्या विरोधात ओरडत होते. समोरच्या दक्षिण कोरियाने साखळीत भारताला २-० असं हरवलं होतं. भारताचा बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला टाके घातलेल्या अवस्थेत मैदानात उतरला होता, तोही बचावफळीत नाही, थेट आघाडीला. प्रदीपकुमार बॅनर्जींनी सतराव्या मिनिटाला पहिला गोल केला, तीनच मिनिटांनी दुसरा गोल याच जर्नेलसिंगने केला, आणि भारत २-१ असा जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. पुढच्या जून महिन्यात ते गेले. इतकं सगळं एका संध्याकाळी जमून आलेलं असल्यावर ती गोष्ट जिद्दीची आणि चमत्काराची म्हणून सांगितली जाणार, हे ओघानेच आलं. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ चित्रपटानेही तिचा हाच भाग उजळून दाखवला. जिद्द खोटी होती असं कुणीच म्हणणार नाही. पण जिद्दीवर सगळं श्रेय टाकलं की त्याआधीच्या दहा वर्षांत काय घडलं हे दिसेनासं होतं, आणि पुढे ते सुवर्ण पुन्हा का आलं नाही याचं उत्तरही हाती लागत नाही. जकार्ताचा विजय ही एका शिक्षकाने पराभव मोजून मोजून उभ्या केलेल्या पद्धतीची फलश्रुती होती, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून करायला हवी. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९५१ मध्ये, नवी दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण मिळवलं होतं. शैलेन मन्ना कर्णधार होते, आणि अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या एकमेव गोलवर इराणला हरवलं होतं. फुटबॉलमध्ये सहाच संघ होते, मैदान घरचं होतं. १९५२ च्या जुलैत तोच आत्मविश्वास घेऊन गेलेला संघ ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियापुढे १-१० असा कोसळला. बरेच खेळाडू अनवाणी होते आणि हवा थंड होती, एवढ्यावर अनेकांनी या पराभवाची बोळवण केली. भारतीय फुटबॉल महासंघाने पुढे बूट सक्तीचे केले, आणि ते योग्यच झालं. पण बूट घातल्याने दहा गोलांचे पाच होतात, विजय होत नाही. त्या संघाचे प्रशिक्षक रहीमच होते. त्यांनी तिथे युगोस्लाव्हिया पाहिला, सुवर्ण जिंकणारा हंगेरीचा संघ पाहिला. हंगेरीचे खेळाडू चेंडू पायात धरून ठेवत नव्हते आणि आपापल्या ठरलेल्या जागी खिळूनही राहत नव्हते. आपल्याकडे तेव्हा तीन-चार जणांना चकवत चेंडू नेणाऱ्यावर प्रेक्षक जीव टाकत. रहीमना कळलं की आपलं कौतुकच चुकीच्या जागी चाललं आहे.

रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षक चुकीवर ओरडून थांबत नाही, ती चूक होऊच नये असा सराव बेतून देतो. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा घेतल्या की ज्यात चेंडू घोळवायला, म्हणजे ड्रिब्लिंगला, मनाई. चेंडू आला की तो लगेच दुसऱ्याकडे गेला पाहिजे. दुसऱ्या काही स्पर्धांत ज्याचा जो पाय कमकुवत, त्यानेच खेळायचं. एखादा उजव्या पायाचा पोरगा डाव्या पायाने चेंडू मारायला गेला की आधी चेंडू भलतीकडेच जातो. मग तो हळूहळू शरीराचा तोल बदलायला शिकतो, उभं कसं राहायचं ते बदलतो, आणि महिन्याभरात त्याला मैदानाची दुसरी बाजूही दिसू लागते. डाव्या बगलेवर खेळायची पाळी आली तरी तो बिचकत नाही. रहीमच्या हाताखालचे बरेच खेळाडू एकाहून जास्त जागी खेळू शकत, त्याची मुळं या सरावात आहेत. या शिकवणीचा पडताळा मुंबईने फार जवळून पाहिला. त्यांच्याच हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला. कूपरेज मैदानावर बसून हे पाहणाऱ्यांना चेंडू पटापट फिरवणारा हा खेळ नवा होता.

आता अनेक खेळांच्या मेळ्यातल्या फुटबॉलचं स्वरूप पाहिलं की ही पद्धत तिथेच का फळली ते कळतं. लीगमध्ये आठवड्याला एखादा सामना असतो, जखमी खेळाडूला सावरायला वेळ मिळतो, मागे राखीव फळी असते. आशियाई स्पर्धेत किंवा ऑलिंपिकमध्ये मूठभर खेळाडू घेऊन परक्या गावात जायचं, दहा-अकरा दिवसांत पाच सामने खेळायचे, आणि कोण कधी जायबंदी होईल सांगता येत नाही. त्या काळी चालू सामन्यात बदली खेळाडू उतरवण्याची आजच्यासारखी मुभा नव्हती. अशा ठिकाणी एखाद्या तेजस्वी खेळाडूपेक्षा दोन जागा सांभाळू शकणारे चौघे जास्त कामाला येतात. जकार्तात हेच घडलं. थायलंडविरुद्ध डोकं फुटल्यावर जर्नेलसिंगला मागच्या फळीत ठेवणं धोक्याचं होतं, तिथे प्रत्येक उंच चेंडूला डोकं लावावं लागतं. कॉलेजच्या दिवसांत तो आघाडीला खेळत असे, हे रहीमना ठाऊक होतं. त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं आणि बचावाचा मध्य अरुण घोषकडे सोपवला. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत ३-२ जिंकला, त्यातही जर्नेलचा एक गोल होता. अंतिम सामन्यात प्रद्युत बर्मनच्या जागी उंचपुऱ्या पीटर थंगराजला गोलमध्ये उभं केलं. या फेरबदलांना धाडस म्हणतात. मला ते हिशेब वाटतात. अशा वेळी काय करायचं याची तयारी वर्षानुवर्षं आधी झालेली होती.

आकडेही हेच सांगतात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं आणि मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. या वेळी उत्तरार्धात आधी गोल केला तो भारताने, नेव्हिलनेच, आणि शेवटी १-४ हार झाली. चार वर्षांत १-१० चे १-४ झाले. भारत चौथा आला. यावर आक्षेप असा की अनेक देशांनी माघार घेतल्याने मैदानात फक्त ११ संघ उरले होते आणि पहिल्या फेरीत हंगेरी न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली. आक्षेप रास्त आहे, चौथा क्रमांक त्यामुळे थोडा फुगलेला आहेच. पण १९६० च्या रोममध्ये अशी सवलत नव्हती. तिथे भारत हंगेरीकडून १-२ ने हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरीत सुटला आणि पेरूकडून १-३ ने हरला. गटात तळाला राहिला. पदकांच्या तक्त्यावरून पाहिलं तर मेलबर्न मोठं आणि रोम छोटं दिसेल. खेळ पाहिला तर उलट आहे. हेलसिंकीला दहा गोल खाणारा देश आठ वर्षांनी, त्या स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या हंगेरीला एका गोलाच्या अंतरावर रोखतो, ही सुधारणा एका रात्रीच्या त्वेषाने होत नसते.

जकार्ताच्या सुवर्णावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि भारतीय लेखनात तो सहसा टाळला जातो. इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायल यांना स्पर्धेला येऊच दिलं नाही. १९५४ आणि १९५८ ही दोन्ही आशियाई सुवर्णं तैवानच्या संघाने जिंकली होती, १९५८ साली टोकियोत उपांत्य सामन्यात भारताला हरवणाऱ्या दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात नमवून. इस्रायल १९५६ आणि १९६० च्या आशिया चषकात उपविजेता होता. आठच संघ खेळले आणि गतविजेता दाराबाहेर राहिला. मग या पदकाची किंमत कमी धरायची का? थोडी कमी धरायला हरकत नाही, पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली अशी की अंतिम सामन्यात हरवलेला दक्षिण कोरिया हा पहिल्या दोन्ही आशिया चषकांचा विजेता होता. तेव्हा उपलब्ध असलेली सगळ्यात कठीण परीक्षा भारताने दिलीच. दुसरी अशी की तैवानचा संघ १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्येही होता आणि त्याने तिन्ही सामने गमावले. भारताने तिथे फ्रान्सला रोखलं होतं. म्हणजे १९५८ नंतर दोन्ही संघांतलं अंतर भारताच्या बाजूने झुकू लागलं होतं. जकार्तात तैवान आला असता तर भारत जिंकला असताच, असं म्हणता येणार नाही. पण विजय फुकटात मिळाला, असंही म्हणता येणार नाही.

या वगळण्याला उघड विरोध केला तो आशियाई स्पर्धांचे एक जनक गुरुदत्त सोंधी यांनी. तैवान-इस्रायलविना होणाऱ्या स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, ही त्यांची भूमिका. ती तत्त्वाला धरून होती, आणि तिची किंमत खेळाडूंनी मोजली. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला, सोंधींना जकार्ता सोडावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी अकरा भारतीय त्या स्टेडियममध्ये शिरले. गर्दीच्या त्या आवाजात एकमेकांना हाक मारणंही कठीण. अशा वेळी जिद्द लागतेच, पण कुणाच्या सूचनेची वाट न पाहता चेंडू पुढे कुठे द्यायचा हे पायांना माहीत असणं जास्त लागतं. मैदानातल्या गोंगाटात टिकते ती सवय.

त्या अकरा जणांत फोर्तुनातो फ्रँको हा मूळचा कोलवाळचा गोवेकर होता. मुंबईत वाढलेला, महाराष्ट्राकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम साडेआठ महिने झाले होते. मागच्या फळीत मुंबईच्या कॅलटेक्सचा ओ. चंद्रशेखर होता. पुढे १९६३-६४ च्या संतोष ट्रॉफीत महाराष्ट्र विजेता ठरला तो त्याच्याच नेतृत्वाखाली. कोलकात्याचे क्लब, हैदराबादचे पोलीस, मुंबईच्या कंपन्या अशा वेगवेगळ्या मुशीतून आलेले हे खेळाडू. कुणी म्हणेल, चुनी गोस्वामी, बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम असे तिघे एकाच पिढीत मिळाल्यावर कुणीही प्रशिक्षक जिंकला असता. गुणी खेळाडूंशिवाय पद्धत लुळी पडते, हे खरं. पण गुणी खेळाडू १९६२ नंतर नाहीसे झाले नव्हते. १९६४ साली भारत आशिया चषकात उपविजेता झाला. तरी त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकची पात्रता इराणपुढे हुकली, आणि त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ आजतागायत ऑलिंपिकला गेलेला नाही. खेळाडू बरेचसे तेच असताना एवढी घसरण झाली, तेव्हा मधून काय निघून गेलं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जपानशी तुलना इथे फार बोलकी आहे. जकार्तात साखळीत भारताने जपानला २-० हरवलं होतं. जपानने १९६० मध्ये डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाला बोलावलं होतं. क्रामर परतताना मागे एक आराखडा ठेवून गेले: देशभराची लीग उभी करा, प्रशिक्षकांना प्रशिक्षण द्या, परदेशी संघांशी सतत खेळा. १९६५ मध्ये जपानची राष्ट्रीय लीग सुरू झाली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये यजमानांना २-० हरवून जपानने कांस्य जिंकलं. आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था १९६१ मध्येच सुरू झाली होती. पण कमकुवत पायाच्या स्पर्धा, ड्रिब्लिंगबंदीचे सामने, एका खेळाडूला दोन जागा शिकवणं, हे सगळं हैदराबादेत रहीम या माणसाभोवती राहिलं. ते देशभरातल्या शाळा-क्लबांचं रोजचं काम झालं नाही. क्रामर गेल्यावरही जपानचं काम चालू राहिलं. रहीम गेल्यावर आपल्याकडे त्यांच्या आठवणी चालू राहिल्या.

१९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदकाच्या सामन्यात जपानला १-० हरवलं, तेही मेक्सिकोनंतर दोनच वर्षांनी. पद्धतीचं महत्त्व सांगणाऱ्याला ही एक अडचण वाटू शकेल. पण त्या संघाचा कर्णधार होता सय्यद नईमुद्दीन, हैदराबादचा, रहीमनी ज्या शहरातल्या पोरांना कमकुवत पायाने खेळायला लावलं त्याच शहरातून आलेला. आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष फुटबॉल संघाला मिळालेलं ते शेवटचं पदक.