गाडीवानाचें नांव

मोगली अमदानींत सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा हमरस्ता बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा जात असे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यांतून गेलेली ही वाट अभ्यासकांस परिचित आहे ती मुख्यतः परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांमुळें. त्यांत झां बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याचें प्रवासवृत्त विशेष प्रसिद्ध असून तें १६७६ सालीं पॅरिस येथें छापलें गेलें.

ताव्हेर्निये व्यापारी असल्यामुळें हिशेबांत चोख. भाड्याच्या बैलगाडीस दिवसाकाठीं सुमारें १ रुपया पडे. सुरतेहून आग्र्यास पोहोंचण्यास ३५ ते ४० दिवस लागत. बैलांस दुपारीं कणकेंत तूप व गूळ मळून केलेले गोळे, आणि सायंकाळीं भरडून भिजवलेले हरभरे. नवापूरचा तांदूळ दाण्यानें लहान, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र व कस्तुरीच्या वासाचा. मोठमोठे सरदार तोच पसंत करतात, हेंही तो सांगतो.

रस्त्यानें चाललेल्या परक्या माणसास हें सारें कळलें कसें? सरदारांच्या ताटांत काय वाढतात तें गाडींतून दिसत नाहीं. तें कोणी तरी सांगावें लागतें. दुभाषी, सराईंतील माणसें, आणि दिवसचे दिवस हाताच्या अंतरावर बसलेला गाडीवान, अशांच्याच बोलण्यांतून तें आलें असलें पाहिजे. परंतु भाड्याच्या गाड्यांचें जें सविस्तर वर्णन त्यानें केलें आहे, त्यांत बैलांचा खुराक आहे, गाडीवानाचें नांव नाहीं.

वर्गांत हा भाग शिकवितांना मी अनेक वर्षें त्या व्यापाऱ्यास दोष देत आलों. तो देण्याचा माझा अधिकार गेल्या हिवाळ्यांत संपला.

कांहीं कामानिमित्त नंदुरबारहून तळोद्यास भाड्याच्या जीपनें निघालों होतों. चालक पस्तिशीचा असावा. वाटेंत तो फोनवर आईशीं पावरी बोलींत बोलला, मागच्या उतारूंशीं अहिराणींत आणि माझ्याशीं मराठींत. तापी ओलांडल्यावर मीं त्यास त्याचें गांव विचारलें.

"गाव नाही राहिलं, सर. धरणात गेलं."

नर्मदाकांठच्या मणिबेलीच्या घरांत सरदार सरोवराचें पाणी १९९३ च्या पावसाळ्यांत शिरलें, हें मला ठाऊक होतें. त्यापुढें इतर गांवांचीही पाळी आली. लहानपणीं आपणांस ट्रकमधून तळोदा तालुक्यांतील वसाहतींत आणलें, तेव्हां आईनें चुलीचे तीन दगड बरोबर घेतले होते, असें तो म्हणाला. दिवाळीनंतर तो ऊसतोडीच्या मजुरांस नवापुरावरून बारडोलीकडे नेऊन सोडतो. म्हणजे ताव्हेर्निये ज्या वाटेनें आला, तीच वाट उलट दिशेनें.

तळोदा येईपर्यंत मीं पुष्कळ विचारलें. हंगाम किती महिने चालतो, उचल किती मिळते, मुलांच्या शाळेचें काय होतें. आणि त्यानें प्रत्येक प्रश्नाचें सरळ उत्तर दिलें. रात्रीं घरीं टिपणवही उघडली. तींत अंतर होतें, भाडें होतें, उचलीचा आंकडा होता, चुलीचे दगडही होते. त्याचें नांव नव्हतें. मीं तें विचारलेंच नव्हतें.

पुढील महिन्यांत पुन्हा नंदुरबारास गेलों असतां जीपच्या थांब्यावर चौकशी केली. "कोणता ड्रायव्हर, सर?" असा उलट प्रश्न आला. त्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. त्याचा इतिहास अद्याप बराचसा लिहावयाचा आहे. बुडालेल्या गांवांची नोंद सरकारी दप्तरांत प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या संख्येनें आहे; तेथील घरें, वाटा, चुली यांची आठवण मात्र अशा माणसांच्या बोलण्यांत आहे, आणि तेंही बव्हंशीं अशा बोलींत, कीं ज्यांत लिहिण्याचा परिपाठ अलीकडचा आहे. सांगणाराच अनामिक राहिला, तर त्याचें सांगणें उद्यां साक्ष म्हणून कोण मानील?

प्रवासास निघणाऱ्या विद्यार्थ्यांस मी आतां एवढेंच सांगतों कीं, भाडें ठरविण्यापूर्वीं गाडीवानास त्याचें नांव विचारावें, आणि वहींत तें सर्वांत वर लिहावें.